द्राक्षाच्या देठाचं झाड

नाशिक,
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. काल कोजागिरीचं दूध आटवत गच्चीवर बसलो होतो, तेव्हा परत एकदा वाचलं. बारा वर्षं माळ्यावर पडलेलं मिग-२१ या लढाऊ विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचं किट तू शेवटी जोडलंस, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! २६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा मला पहिल्यांदा काकाच आठवले. ओझरचा कारखाना १९६४ साली या विमानांसाठी उभा राहिला आणि काकांची उभी हयात तिथे गेली. शाळेच्या मैदानावर असताना आवाज आला की तू खेळ सोडून वर बघायचास आणि म्हणायचास, “आमच्या बाबांचं आहे ते.” आम्हाला ते खरंच वाटायचं.

आता तू लिहितोस की विमान तयार आहे, पण ते ज्यावर उभं करायचं तो देखावा नाही, त्याच्याखाली जमीन नाही. तयार गवत, तयार झाडं, पाण्यासाठीचं रेझीन (ओतलं की काचेसारखं घट्ट होणारं), सगळ्याच्या किमती बघून तुझा विरस झाला. अरे, बाजारात नंतर जा. आधी जागा ठरव, आणि तीसुद्धा अशी ठरव की जिथे तू स्वतः उभा राहिला आहेस. एकदा जागा पक्की झाली की लागणारं निम्मं सामान तिच्याच आसपास पडलेलं सापडतं. गेली सहा वर्षं मी हेच करतोय.

आणि आपल्याला हे काही नवीन आहे का? दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय होतं? विटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, त्यावर चिखल लिंपायचा आणि हळीव नि मोहरी पेरायची. पाचव्या दिवशी तटाखाली हिरवळ यायची, ती बघायला आपण तोंडसुद्धा न धुता अंगणात पळायचो. कमी होतं ते फक्त प्रमाण. मावळ्यापेक्षा वाघ मोठा, वाघापेक्षा तोफ लहान. तेव्हा ते चालायचं. तुझ्या विमानाच्या शेजारी मात्र एक गवताची काडी जरी जाड झाली तरी सगळा देखावा खेळण्यासारखा दिसेल.

म्हणून पहिलं काम सांगतो. पुठ्ठ्याचा एक माणूस काप. तुझं मॉडेल १:७२चं आहे, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, म्हणजे एकशे सत्तर सेंटिमीटरचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर चार मिलिमीटर भरेल. तो खिशात ठेव आणि वाटेत जे काही उचलावंसं वाटेल त्याच्या शेजारी त्याला उभा करून बघ. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरचा धर. त्याच्यासाठी तो चौदा-पंधरा सेंटिमीटरचा धोंडा होतो. सुतळी पिंजून चार मिलिमीटरचे तुकडे केलेस तर ते पोटरीपर्यंत येणारं गवत होतं. माझा माणूस १:३५चा, जवळपास पाच सेंटिमीटरचा आहे. पाकिटात राहून त्याचे कोपरे मऊ पडलेत, पण त्याला विचारल्याशिवाय मी एकही काडी घरात आणत नाही.

कल्पना सुचत नाहीत असंही तू लिहिलं आहेस. त्यासाठी मी रविवारी सकाळी सातच्या आत जुन्या नाशकात जातो. सराफ बाजारातून उतरत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जायचं, दुकानं उघडायच्या आधी. तेव्हा भिंती दिसतात. पन्हाळीखाली काळा ओघळ कुठून सुरू होतो आणि कुठे फिका पडतो, लोखंडी शटरला गंज आधी तळाशी धरतो की कडेला, दगडी जोत्याच्या सांध्यात पिंपळ कसा रुजतो, हे सगळं बघून घ्यायचं. फोटो काढताना बाजूला सहा इंची पट्टी धरायची, म्हणजे घरी माप काढता येतं. वाड्याचा पूर्ण फोटो मला फारसा उपयोगी पडत नाही. हातभर भिंतीचा जवळून काढलेला फोटो पडतो.

माझा मागचा देखावा असाच मिळाला. गंगेला पूर आला की सगळं नाशिक पात्रातल्या मूर्तीकडे बघून एकच विचारतं, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१६च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर मी घाटाजवळच्या एका बंद दुकानाच्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ बघितली होती. रेघेच्या खाली सगळं एकाच मातकट रंगाचं आणि वर निळा ऑइलपेंट जसाच्या तसा. ती रेघ डोक्यातून जाईना. शेवटी मी ती भिंत, चार पायऱ्या आणि उतरत चाललेलं पाणी, एवढंच केलं. तयार देखावा तळहाताएवढा झाला.

आता पाण्याचं बघ. लोक महागडं रेझीन आणतात कारण त्यांना पाण्याचा तळ दाखवायचा असतो. पुराच्या गंगेला कुठे तळ दिसतो? गढूळ पाण्याला रंगच लागतो, खोली लागत नाही. मी पुट्टीवर ब्रशने लाटा ओढल्या, वाळल्यावर मातकट तपकिरी रंग दिला, जिथे पाणी पायरीला आपटतं तिथे थोडा पांढुरका केला आणि वरून चकचकीत वॉर्निशचे पाच पातळ हात दिले. दोन हातांच्या मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, घाई केली की सुरकुत्या पडतात. रेझीनचा एक थेंबही लागला नाही.

झाडांचं तर नाशिककराने कुणाला विचारूच नये. मार्चमध्ये द्राक्षं खाऊन झाली की घडाचा जो सांगाडा उरतो, तो एकदा हातात धरून नीट बघ. मधला देठ म्हणजे खोड, त्याला एकाआड एक फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला मणी तुटल्याची बारीक गाठ. निसर्गाने झाडच करून दिलंय. सावलीत आठवडाभर वाळवायचं, उलटं टांगून, म्हणजे फांद्या पसरत नाहीत. वाळलं की ते ठिसूळ होतं, म्हणून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये दोनदा बुडवून काढायचं. पानांसाठी गादीवाल्याकडून फोमची कात्रणं आण, जुन्या मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून फिरव, हिरव्या पोस्टर कलरमध्ये रंगव आणि वाळव. एकच हिरवा करू नकोस. तीन करायचे, आणि त्यातला एक पिवळट हवाच. मोठ्या झाडाला, वडा-पिंपळाला, देठ पुरत नाही. तिथे मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची टाकाऊ तांब्याची तार पिळून खोड करायचं. सातपूरला माझा एक ओळखीचा आहे, तो मूठभर तार तशीच देतो. सध्या द्राक्षबागांच्या गोड छाटण्या, म्हणजे फळासाठीच्या छाटण्या चालल्यात, मी बांधावरून जुन्या खोडाची सुटलेली सालही आणून ठेवलीय. तिचे धागे निघतात आणि पारंब्या म्हणून ते इतके खरे दिसतात की हात लावून बघावंसं वाटतं.

जमिनीला नदीची वाळू, चहाच्या गाळणीतून गाळलेली. आणि चहाचा चोथा. हा मात्र सांभाळून घे. आपला चहा साखर-दूध घालून उकळलेला असतो. मी पहिल्या वेळी चोथा नुसता उन्हात वाळवला, फेविकॉलवर पसरला आणि त्या शेताच्या देखाव्याला काचेची पेटी केली. आषाढ संपेपर्यंत सगळ्या शेतावर पांढरी बुरशी चढली होती आणि पेटीच्या फटीतून मुंग्यांची रांग लागली होती. तीन महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून चोथा चार पाण्यांनी धुतो, तव्यावर मंद आचेवर कोरडा होईपर्यंत परततो आणि मगच वापरतो. वाळूही तशीच भाजून घ्यायची.

दगडासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. त्याचा खरबरीतपणा आपल्या काळ्या पाषाणाच्या फार जवळचा आहे. चौकोनी तुकडे काप, कडा नखाने दाब, एकेक चिकटव, काळपट करड्या रंगात रंगव आणि कोरड्या ब्रशवर फिका रंग घेऊन वरच्यावर फिरव. कौलांना नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलायचा. तुळयांना अगरबत्तीच्या काड्या, फळ्यांना आइस्क्रीमच्या. चुन्याच्या भिंतीला लग्नपत्रिका. आपल्याकडे दर मोसमात ढीगभर येतात, आणि तो जाड कागद सुरीने सरळ कापला जातो.

गंजाचे आणि धुळीचे रंग बाटल्यांमधून विकत मिळतात, पण गंज म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि आपला गेरूही तेच. पंचवटीत दहा रुपयांचा घेतला होता, वर्ष झालं तरी संपलेला नाही. खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचा. कोळशाची पूड, चुलीची राख आणि गेरू, एवढ्या तिघांत नाशिकची कुठलीही भिंत जुनी करता येते.

आता तुझ्या विमानाचं. पंखांचा टोकापासून टोकापर्यंतचा पसारा खऱ्यात सव्वासात मीटरच्या आतच, म्हणजे तुझ्याकडे दहा सेंटिमीटरही भरत नसेल. वीस बाय तीस सेंटिमीटरची पाटी भरपूर झाली. फोटो फ्रेमवाल्याकडे एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचे) उरलेले तुकडे मिळतात. त्यावर वॉल पुट्टी थोडं फेविकॉल घालून दोन मिलिमीटर जाडीची पसर. जाड दिलीस तर तडकेल. अर्धवट सुकल्यावर पट्टी ठेवून सांधे ओढ. पाच मीटरची काँक्रीटची लादी धरलीस तर दर सात सेंटिमीटरला एक रेघ. सांध्यात पातळ काळा रंग सोड, डांबर भरल्यासारखं दिसेल. विमानाच्या पोटाखाली तेलाचे दोन-तीन डाग दे आणि एका सांध्यातून गवताचे चारच कोंब काढ. चारच. पुढच्या चाकापाशी एक माणूस उभा कर, मान वर करून विमानाकडे बघणारा. कोण ते तुला सांगायला नको.

काही ठिकाणी मात्र पैसे वाचवू नकोस. सुरीची पाती वारंवार बदल, बोथट पातं पुठ्ठा फाडतं आणि हातातून सटकतं. बारीक कामाचा एक ब्रश चांगला घे. आणि पॅकिंगचा थर्माकोल वापरलास तर स्प्रे पेंट त्याच्या जवळही नेऊ नकोस. त्यातलं द्रावक थर्माकोल खातं. माझी अख्खी टेकडी पाच मिनिटांत खड्ड्यात गेली होती. आधी फेविकॉलचा किंवा पुट्टीचा थर द्यायचा आणि रंग पाण्याचेच वापरायचे.

तू मुंबईत आहेस तर एखाद्या रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राणी विभागात जा. रोहित पक्षी, गवा, धनेश यांचे काचेमागचे देखावे आहेत. पक्षी नंतर बघ, आधी हे बघ की पुढची खरी जमीन संपून मागचं चित्र कुठे सुरू होतं. तो सांधा लपवणं हीच त्यातली कला. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात, आणि तो शब्दही मुळात चित्राचाच. १८२२ साली पॅरिसमध्ये दगेर आणि बूतों या दोन चित्रकारांनी मोठमोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर पुढून-मागून प्रकाश टाकून सकाळची संध्याकाळ करून दाखवली होती. आपल्या गणपतीतल्या देखाव्याला दिवे बदलतात ना, त्याच घराण्यातलं.

माझ्या टेबलावर सध्या आपला वाडा आहे. पूर्ण नाही, फक्त दिंडी दरवाजा, चौकाचा एक कोपरा, वृंदावन आणि ओसरी. पाडला त्याला आता अकरा वर्षं होतील, त्या जागी पार्किंग आहे. माझ्याकडे एकच फोटो, तोही मुंजीचा, त्यात माणसंच जास्त. ओसरीवर आजी बसवलीय. आत तांब्याची तार, वर एम-सील, आणि टिशू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून नेसवलेली नऊवारी. काष्टा तीनदा करावा लागला. नाकडोळे मी केले नाहीत. मान खाली घालून ती तांदूळ निवडतेय, त्यामुळे चेहरा दिसतच नाही.

तुला द्राक्षाचे वीस-बावीस देठ खोक्यात भरून कुरिअरने पाठवतोय. सगळे फेविकॉलमध्ये बुडवून वाळवलेले आहेत, तरी खोकं जपून उघड.

आणि वसुबारसेच्या आत मला एक कळव. दिंडी दरवाजा आतून लावायची कडी वरच्या चौकटीला होती की बाजूच्या? मला वरची वाटते, पण मग आपण आठ वर्षांचे असताना ती काढून दुपारी पळायचो कसे? मी तिथेच अडलोय, दरवाजा तसाच उघडा ठेवलाय.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
वाड्यातला शेजारी