हप्ते थकलेत, झोप उडालीय? हे वाचा

नमस्कार मंडळी, चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घरात खर्च वाढतो आणि पावसात टुरिस्टवाल्यांची कमाई बसलेली असते, त्यामुळे आत्ताच लिहितेय. आपल्या गोव्यातल्या डिचोली सत्तरीत खाणी २०१२ला आणि परत २०१८ला बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या कर्जाच्या हप्त्यांनी किती घरांची झोप गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेन्शनमुळे माणूस बँकेचं पत्र उघडत नाही, फोन उचलत नाही, मग दंड आणि व्याज चढतं आणि टेन्शन अजून वाढतं, हे चक्र तोडायचं तर पैसा आणि मन दोन्हीकडून एकदम हात घालायला हवा.

हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, तेही लेखी अर्ज करून. वसुलीवाल्यांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व बँकेचा नियम आहे, धमकी तर अजिबात नाही. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीला १४४४८.

आणि मनासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतपण बोलतात. बांबोळीला मनोविकार हॉस्पिटल आहे, तिथे जाण्यात लाज कसली? कोणी जीव नकोसा झाला म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका प्लीज, सोबत बसून फोन लावा.

बँकेचे कागद समजत नसतील तर रविवारी ११ला देवळाच्या हॉलमध्ये घेऊन या, नावं बाहेर जाणार नाहीत.