तोरणमाळच्या उताराबद्दल

अमळनेर, रविवार

प्रिय दोस्ता,

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे वहिनींनी पत्र मध्येच हातातून घेतलं तर घाबरायला नको. मी सायकलवरून पडलो. डाव्या मनगटाला बारीक क्रॅक होती, चार आठवडे प्लास्टर होतं, ते निघूनही तीन आठवडे झाले. बाकी ठणठणीत. हिचा बीपीही ठीक.

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, याची लाज वाटते. फोनवर "काय, कसं चाललंय" होतं, पण ते काही बोलणं नव्हे. आज बसलो, कारण हे इथे कुणाला सांगून कळत नाही. नाना म्हणतात, "या वयात कशाला?" मुलगा म्हणतो, "बाबा, गिअरची घ्या." दोघांचंही माझ्यावर प्रेम आहे, पण प्रश्न तो नाहीच.

झालं असं. बेटावदच्या रस्त्याने सकाळी निघालो होतो. मागून कापसाची ट्रॉली आली, दोन्ही अंगांनी फुगलेली. मी साईडपट्टीवर उतरलो, तिला जाऊ दिलं आणि परत डांबरावर चढायला लागलो. रस्त्यावर नवा थर टाकल्यापासून तिथली कड चांगली चार बोटं उंच झालीय. अशा कडेवर चाक काटकोनात घालून चढवायचं असतं, हे तुला नि मला शाळेपासून माहीत. पण मी चालता चालता हॅण्डल जरासं वळवलं. टायर कडेला घासत गेला, वर चढलाच नाही, आणि मी खाली.

पडल्यापडल्या पहिलं काय दिसलं सांगू? बाभळीला अडकलेला कापूस. जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रॉल्यांचा ओरबाडलेला, काट्याकाट्यावर पांढरा. मागचं चाक अजून फिरत होतं. फ्री-व्हीलची टिकटिक मंद होत होत थांबली, आणि मग एकदम शांत. वेचणीतून एक बाबा धावत आले. "लागनं का भो?" विचारता विचारता त्यांनी आधी सायकल उभी केली. तूही तेच केलं असतंस.

पुढची रिम पापडासारखी झाली. दुकानात मिस्त्रीने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, निघत नाही, रिमच टाका. टाकली. सगळे 32 स्पोक नवे. सायकल तीच, काळी, बावीस इंची.

आता खरी गोष्ट. सायकल दुरुस्त झाली, हात दुरुस्त झाला, आणि मला ती चालवता येत नाहीये. म्हणजे येते. गल्लीतून, बाजारापर्यंत येते. पण बोरी नदीच्या पुलाकडे उतार लागला की बोटं आपोआप ब्रेकवर आवळतात. मी सांगत नाही त्यांना. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की खाली उतरून उभा राहतो, तो दिसेनासा होईपर्यंत. परवा असाच उभा होतो, छाती धडधडत होती, आणि मला तू दिसलास. तोरणमाळच्या घाटात, सायकल हातात धरून चालणारा.

1988 चा डिसेंबर. जाताना किती मजेत होतो आपण! बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा. दोंडाईच्यात वाळत घातलेल्या मिरचीने डोळ्यांतून पाणी, आणि वरून तू शेवभाजी मागवलीस तीही झणझणीत. सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरलेली. खिशात 43 रुपये, आणि तू त्या घोड्याचे दात तपासून "जास्त सांगताय" म्हणालास! मालकाने तुला चहा पाजला, गिऱ्हाईक समजून. तापीत तेव्हा बॅरेज नव्हतं, वाळूवर झोपलो आपण. शहाद्यानंतर सातपुडा समोर उभा राहिला तेव्हा तू गप्प झालास, मीही. सात पायरीचा घाट सायकली ढकलत चढलो, यशवंत तलावाच्या काठी कळण्याची भाकर नि ठेचा खाल्ला. तेव्हा तोरणमाळ धुळे जिल्ह्यातच होतं रे. नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 ला.

आणि उतरताना तू पडलास. ब्रेकचे रबर झिजलेले, वळणावर खडी. कोपर सोललं होतं, बाकी फार नाही. मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं: "ऊठ, काही झालं नाही, अंधाराआधी शहादा गाठायचाय." तू म्हणालास, मी चालत येतो. आख्खा घाट? मी चिडलो. पुढे निघून गेलो आणि खाली टपरीवर दोन तास बसलो, तुझ्यावर दात-ओठ खात. तू आलास तेव्हा तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू शहाद्याला सायकल एसटीच्या टपावर टाकलीस आणि मी एकटा आलो. गावात येऊन प्रताप कॉलेजच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, तू घाबरलास म्हणून. "भित्रा" हा शब्द माझा होता. शिरपूर-सेंधव्यावरून ओंकारेश्वरला जायचं ठरलेलं आपलं, ते तू त्यानंतर कधी काढलं नाहीस. मी समजलो, तुला नोकरीची घाई आहे.

तुझी बोटं तेव्हा अशीच आवळत होती का? आणि तू कुणाला सांगितलंस? मला तरी सांगायची सोय मी ठेवली नव्हती. माफ कर. उशीर झालाय, 35 वर्षांहून जास्त, पण आत्ता कळलं म्हणून आत्ता लिहितोय.

सायकलच्या पंपाच्या आपल्या जुन्या वादात मात्र मी माघार घेणार नाही. पंप तूच टपरीवर विसरलास. आक्कासुद्धा माझ्या बाजूने आहेत.

तुझ्या धाकटीचं ठरलं का? गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर? नवीन घरात पाण्याची बोंब होती ती मिटली का? सगळं लिही, पण आधी एक लिही: त्या घाटात चालत उतरताना कुठल्या वळणापर्यंत ती धडधड राहिली, आणि ती कमी झाली असेल तर कशाने.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ये. कैऱ्या लागलेल्या असतील. सकाळी ऊन चढायच्या आत पुलापर्यंत जाऊ, दोघंही चालत, सायकल हातात धरून. पुढचं तिथे ठरवू.

तुझाच,
काळ्या सायकलवाला