एका चाकावर न चालणारा काळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील व्हिडिओ कलेवरच्या लेखात मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या प्राचीन दिनगणनेवर बेतलेल्या एका कलाकृतीची ओळख करून दिली आहे. पडद्यावर तेच दृश्य फिरून फिरून येते, म्हणून हेच माया लोकांचे कालचक्र, असा लेखाचा सूर आहे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या मला हे पटले नाही.

माया गणना एका चाकावर चालतच नाही. १ ते १३ हे आकडे आणि दिवसांची वीस नावे रोज एकेक घर पुढे सरकतात. १ इमिश, २ इक असे करत १३ बेनपर्यंत आलो की पुढचा दिवस १ इश असतो, म्हणजे आकडा मुळाशी परततो आणि नाव मात्र चौदावे येते. १ इमिश पुन्हा उगवतो तो २६० दिवसांनी. याच्या जोडीला वीस दिवसांचे अठरा महिने आणि वरचे पाच दिवस असे ३६५ दिवसांचे वर्ष चालते; दोन्हींतली तीच जोडी पुन्हा जमायला १८,९८० दिवस, म्हणजे जवळजवळ ५२ वर्षे लागतात. (लसावि शिकवताना हे उदाहरण मला ठाऊक असते तर!)

पडताळा म्हणून मी जेवणाच्या टेबलावर दोन मोबाइल शेजारी ठेवले. एकात १३ चित्रे, दुसऱ्यात २०, प्रत्येक चित्र एक सेकंद. दोन्हींवर पहिले चित्र पुन्हा एकदम आले ते ४ मिनिटे २० सेकंदांनी, आणि तोवर एकही जोडी दुसऱ्यांदा दिसली नाही. २६० आणि ३६५ चित्रांचे दोन पडदे लावले, तर त्याच क्षणासाठी ५ तास १६ मिनिटे २० सेकंद थांबावे लागेल. एवढा वेळ दालनात कोणी बसणार नाही, पण ५२ वर्षांचा फेराही बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरा झालेला दिसतो.

माया गणना संपते म्हणून २०१२ मध्ये होणार असे म्हटले गेलेल्या जगबुडीचाही लेखात ओझरता उल्लेख आहे. एका आरंभदिनापासून दिवस सलग मोजत जाणाऱ्या माया दीर्घगणनेचा तो आरंभदिन ४ अहाव ८ कुम्कू (कुम्कू हा महिना) होता. २१ डिसेंबर २०१२ रोजी १३ बाक्तुन (एक बाक्तुन म्हणजे १,४४,००० दिवस) भरले, तो दिवस ४ अहाव ३ कान्किन. आकडा आणि नाव परतले, महिना वेगळाच निघाला. शिवाय मेक्सिकोतील पालेंके या माया नगरीतील शिलालेखात ६१५ साली गादीवर आलेल्या पाकाल राजाच्या राज्यारोहणाचा हिशेब पार इ. स. ४७७२ पर्यंत नेलेला आहे. आपल्याकडेही प्रभव संवत्सर शके १८४९ नंतर शके १९०९ मध्ये पुन्हा आले, म्हणून शक काही मागे गेला नाही.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील किचे या माया वंशाचे लोक २६० दिवसांची गणना आजही पाळतात, तेव्हा तिला लुप्त म्हणणेही बरोबर नाही. अशा कलाकृतीविषयी पुन्हा लिहिताना पडदे किती आणि प्रत्येकाचा फेरा किती वेळाचा, एवढे तरी जरूर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक