तपकिरी दिसले तर तपकिरीच लिहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

क्षाराच्या द्रावणात अल्क (सोडियम हायड्रॉक्साइड, अमोनिया यांसारखा आम्लाच्या उलट गुणांचा पदार्थ) घालून धातूचा आयन (विद्युतभारित कण) ओळखण्याच्या प्रयोगाविषयी हे पत्र आहे. माझी नात येथील एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकते. सराव परीक्षेत तिच्या परीक्षानळीत सोडियम हायड्रॉक्साइड घालताच तपकिरी अवक्षेप (द्रावणातून वेगळा होणारा, न विरघळणारा साका) आला, तिने तसे लिहून ‘फेरिक आयन’ असा निष्कर्ष काढला आणि तिचे गुण गेले, कारण उत्तरपत्रकात फेरस सल्फेट होते (फेरस आणि फेरिक ही लोखंडाच्या आयनाची दोन रूपे) आणि त्याचा अवक्षेप हिरवट असायला हवा होता.

चूक मुलीची नव्हती, बाटलीची होती. फेरस क्षार हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू फेरिक होतो आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत झाकण सैल राहिलेल्या बाटलीतील हिरवे स्फटिक पिवळट-तपकिरी पडतात. अशा स्फटिकांच्या द्रावणातून तपकिरी अवक्षेप येणे हेच रसायनशास्त्राला धरून आहे. ताज्या स्फटिकांचा मळकट हिरवा अवक्षेपसुद्धा थोडा वेळ ठेवला की हवेला लागलेल्या वरच्या भागापासून तपकिरी होऊ लागतो, आणि हा बदल विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहावा यासाठीच तर प्रयोग असतो.

रंगांचा तक्ता पाठ करून भागत नाही याचे दुसरे कारण पांढरे अवक्षेप. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, शिसे या सर्वांचे हायड्रॉक्साइड पांढरेच. म्हणून अल्क आधी थेंबाथेंबाने आणि मग भरपूर घालायचे असते. जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये जस्त आणि ॲल्युमिनियम या दोघांचेही अवक्षेप विरघळतात, पण जादा अमोनियात जस्ताचा विरघळतो, ॲल्युमिनियमचा जवळजवळ तसाच राहतो. घाईने एकदम अर्धी नळी अल्क ओतणाऱ्याला तर अवक्षेप आला होता हेही कळत नाही, आणि तो निर्धास्तपणे ‘बदल नाही’ असे लिहून मोकळा होतो!

तांब्याच्या परीक्षेसाठी आपल्याला प्रयोगशाळेचीही गरज नाही. पोफळींवरील, फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी कुळागरांत (सुपारीच्या बागांत) पावसाच्या तोंडावर फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट या तांब्याच्या क्षाराच्या) द्रावणात चुना हे अल्क मिसळून मिळवलेला निळसर अवक्षेपच होय. एक टक्का मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना घेतात. लोखंडी कोयत्याचे पाते त्यात बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आणि तांब्याचे आयन द्रावणात शिल्लक राहिले, हे कुळागरकाराला पाठ्यपुस्तकाशिवाय कळते. प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात चुन्याऐवजी अमोनिया घातला, तर आधी फिकट निळा अवक्षेप येतो आणि जादा अमोनियात तो विरघळून गर्द निळे द्रावण होते. पहिल्यांदा पाहणारे मूल तो निळा रंग सहसा विसरत नाही.

माझी सूचना अशी, की गुण अंतिम नावाला थोडे आणि निरीक्षणाच्या नोंदीला अधिक असावेत, म्हणजे नळीत जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही. शिशाचे क्षार विषारी असल्याने ते या प्रयोगातून वगळले तरी चालेल, कारण दोन अल्कांची तुलना शिकवायला जस्त आणि ॲल्युमिनियम पुरेसे आहेत. फेरस सल्फेटची लहान बाटली मात्र दरवर्षी पावसाळ्यानंतर नवी आणावी, द्रावण परीक्षेच्या दिवशीच सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकून करावे आणि मुलांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकांनी ते एकदा स्वतः तपासून पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा