राणे साहेब, त्याच रस्त्यावरून माझी गाडी गेली

आदरणीय मेजर रामा राघोबा राणे साहेब,
जय हिंद.

तुमची-माझी गाठ कधी पडली नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होतो. जम्मूकडच्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर रेशन आणि रॉकेलची पिंपं भरलेला शक्तिमान ट्रक कितीदा नेला, मोजलं नाही. गिअर टाकायचा, पुढच्या गाडीच्या मागे निघायचं. रस्ता आहे तो असणारच, असं धरून चालायचो. चिंगसला चहासाठी कॉनवाय थांबला असताना आमच्या सुभेदार साहेबांनी पहिल्यांदा तुमचं नाव सांगितलं. आपल्या कारवारकडचा माणूस, हे ऐकून कान टवकारले.

मग मिळेल तिथून विचारत गेलो. काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू होती. ८ एप्रिल १९४८ ला नौशेऱ्यापासून ११ किलोमीटरवरचा बरवालीचा डोंगर डोगरा पलटणीने घेतला. पुढे रस्ताच नव्हता. सुरुंग पेरलेले, चीडची झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. तुम्ही इंजिनिअरांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट, कमिशन मिळून जेमतेम चार महिने. कामाला हात घालण्याआधीच मॉर्टरचे गोळे आले. दोन सोबती गेले, पाच जखमी, त्यांत तुम्हीही. तरी तुम्ही उरलेली माणसं गोळा करून काम सुरू केलंत.

माझं मन अडकतं ते त्या दोरांपाशी. वरून मशीनगन चालू, म्हणून तुम्ही टँकखाली शिरलात आणि त्याच्याबरोबर पोटावर सरकत सुरुंग काढत गेलात. हातात दोन दोर: एक ओढला की टँकवाल्याने थांबायचं, दुसरा ओढला की पुढे यायचं. साहेब, मी ड्रायव्हर आहे, मला त्या टँकवाल्याचा घाम कळतो. खाली माणूस आहे आणि तो दिसत नाही. दोराचा झटका ओळखायला चूक झाली तर? आम्ही ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत असतो, तरी चाक दगडावर चढतं. तुम्ही कुणाच्या तरी पायावर एवढा भरवसा टाकलात, आणि त्यानेही तो राखला. त्याचं नाव मला कुठे मिळालं नाही. थोडे आभार त्यालाही पोचवा.

११ एप्रिलपर्यंत हे चाललं. सुरुंग काढायचे, झाडं सुरुंगाने उडवायची, मोरी तुटलेली दिसली की बाजूने वाट काढायची. टँक चिंगसला पोचले आणि त्यापाठोपाठ राजौरी हाती आली. तिथे अडकलेल्यांसाठी एकेक तास मोलाचा होता.

दुसऱ्या महायुद्धातली बर्माचीही गोष्ट कळली. बुथिडाँगहून माघार घेताना मागे राहून सामान उडवायचं काम तुमच्याकडे होतं. न्यायला येणारी जहाजं आलीच नाहीत, तेव्हा जपान्यांची गस्त चुकवून, नदी ओलांडून तुम्ही माणसं परत आणलीत. म्हणजे दोर हातात धरण्याआधीच तुमची परीक्षा होऊन गेली होती. तुमच्याच बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे खडकीच्या लष्करी इंजिनिअरांमधले, प्रेमिंद्रसिंग भगत साहेबही १९४१ मध्ये ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) असेच दिवसरात्र सुरुंग काढत होते. खडकीच्या पाण्यात काय आहे, देव जाणे.

परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी. तुमच्या नावाचं तेलवाहू जहाज निघालं, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला नाव दिलं. चांगलंच झालं. पण मला वाटतं, त्या रस्त्यावर एखादा मैलाचा दगड तुमच्या नावाचा असता तर आम्हा ड्रायव्हरांनी रोज हॉर्न वाजवून सलाम केला असता.

११ जुलै १९९४ ला तुम्ही पुण्यात देह ठेवलात. त्याआधी दोन वर्षं माझी पोस्टिंग पुण्यातच होती. जाऊन पाया पडायचं राहूनच गेलं. साहेबाच्या घरी ड्रायव्हरने काय म्हणून जायचं, असला संकोच.

यंदा कारवारला तुमच्या पुतळ्यापाशी येतोय. नातू गाडी चालवणार आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी सर्व्हिस कोअर