विरोध चित्रपटाला की नावाला, हे बातमीत लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादा छोटा, स्वतंत्र निर्मितीचा चित्रपट अजून कुठल्याही थिएटरला लागलेला नसतो आणि ‘चित्रपटाला तीव्र विरोध’ अशी बातमी येते. बातमीत संघटनेचे नाव असते, निवेदनातला मजकूर असतो, निर्मात्याचा खुलासाही असतो. विरोध करणाऱ्याने नेमके काय पाहिले, पूर्ण चित्रपट, ट्रेलर की नुसते नाव, एवढेच त्यात नसते. ही एक ओळ राहून गेली की पुढे काय काय घडते, याचा सगळा पट २०१७ साली गोव्यात ‘इफ्फी’च्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी उलगडला होता. त्यातले बारकावे आजही तितकेच लागू आहेत, म्हणून हे पत्र.

सनलकुमार शशिधरन यांचा ‘सेक्सी दुर्गा’ हा मल्याळम चित्रपट त्या वर्षीच्या सुरुवातीला रॉटरडॅम महोत्सवात दाखवला गेला आणि तिथला टायगर पुरस्कार त्याला मिळाला. केरळात त्याच्या नावावरून संताप उसळला तेव्हा तो पाहिलेले लोक भारतात फारच थोडे होते. देवीचे नाव आणि त्याआधी तो शब्द, यापलीकडे आक्षेपाला आधार नव्हता. प्रत्यक्ष चित्रपटात देवीची विटंबना कुठेही नाही. दुर्गा हे त्यातल्या मुलीचे नाव. परप्रांतातून आलेली ही मुलगी आणि तिचा जोडीदार कबीर मध्यरात्री घर सोडून रेल्वे स्टेशनकडे निघालेत आणि अनोळखी पुरुषांच्या एका व्हॅनमध्ये त्यांना लिफ्ट मिळते. दुर्गाचे काम राजश्री देशपांडे या आपल्या औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) अभिनेत्रीने केले आहे.

त्या व्हॅनमध्ये जे घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. पुरुष मदतीचीच भाषा बोलतात, पण प्रश्न मात्र थांबत नाहीत. जोडपे घाबरून उतरते, अंधारात चालू लागते, व्हॅन मागून येऊन शेजारी उभी राहते आणि त्यांना पुन्हा चढावे लागते. असे पुन्हा पुन्हा होते. अंगाला हात लावण्याचा एकही मोठा प्रसंग पडद्यावर नाही. तो आता होईल, या धास्तीवर सगळा चित्रपट उभा आहे. मधूनमधून कालीच्या उत्सवातला ‘गरुडन तूक्कम’ हा विधी येतो. त्यात भक्त आपल्या अंगात आकडे टोचून घेतात आणि अधांतरी लटकतात. देवीसाठी एवढे सोसणारा समाज रस्त्यावरच्या दुर्गेशी कसा वागतो, हा दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. लिहून ठेवलेली पटकथा नाही, लांबच लांब शॉट, जागेवर सुचलेले संवाद, अशा पद्धतीने तो चित्रित झाला.

हा चित्रपट आवडला नाही, असे सांगायला भरपूर जागा आहे. पात्रांना भूतकाळ नाही. ताण सुरुवातीला जेवढा आहे, शेवटीही जवळपास तेवढाच राहतो. विधी आणि व्हॅन यांची सांगड काहींना फार ठळक वाटते. अशी टीका कितीही कडक असो, ती छापावी. ती पाहणाऱ्याची टीका आहे आणि तिच्याशी वाद घालता येतो. नावावरच्या रागाशी वाद घालता येत नाही, कारण त्यात चित्रपटातले काहीच नसते.

आता प्रक्रिया पाहा. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राकडून सूट घ्यावी लागते. महोत्सव चित्रपटांची यादी आणि प्रत्येकाचा सारांश पाठवतो. बहुतेक वेळा ही सूट सहज मिळते. मुंबईच्या ‘मामि’ महोत्सवासाठी या चित्रपटाला ती नाकारण्यात आली. मग तो सेन्सॉर बोर्डाकडे गेला, नाव ‘एस दुर्गा’ झाले, २१ ठिकाणी शब्द बंद केले गेले आणि ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे कायद्याने जी चाळणी ठरवली आहे तिच्यातून तो बाहेर पडला होता. ‘इफ्फी’च्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी सुजॉय घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षकांनी त्याची निवड केली. रवी जाधव यांच्या मराठी ‘न्यूड’ने पॅनोरमाचे उद्घाटन करावे, अशीही शिफारस त्यांनी केली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने अंतिम यादी जाहीर केली तेव्हा हे दोन्ही चित्रपट तिच्यात नव्हते. घोष यांनी राजीनामा दिला. अपूर्व असरानी आणि ग्यान कोरिया हे परीक्षकही बाहेर पडले.

‘न्यूड’बाबत प्रमाणपत्राचे आणि पूर्ण झालेल्या प्रतीचे कारण पुढे आले. त्याचे पुढे काय झाले हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. जानेवारी २०१८मध्ये विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो पाहिला आणि एकही कट न सुचवता ‘ए’ प्रमाणपत्र दिले. नवऱ्याला सोडून मुलासह मुंबईत आलेली यमुना चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसते आणि मुलाला ते कळू देत नाही, एवढी ती गोष्ट. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांची कामे ज्यांनी पाहिली त्यांना त्यात अश्लीलता शोधूनही सापडणार नाही. एप्रिल २०१८च्या अखेरीस तो प्रदर्शित झाला. यादीतून वगळले जाणे आणि एकही कट नसलेले प्रमाणपत्र, यांत जेमतेम अडीच महिन्यांचे अंतर होते. पण त्या अडीच महिन्यांत ‘काहीतरी गडबड असलेला चित्रपट’ हा शिक्का बसून गेला होता.

‘एस दुर्गा’च्या तारखा याहून बोलक्या आहेत. महोत्सव २० ते २८ नोव्हेंबर असा होता. २१ तारखेला केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणित प्रत दाखवण्याचा आदेश दिला. केंद्राने अपील केले, २४ तारखेला खंडपीठाने स्थगिती नाकारली. २७ तारखेच्या संध्याकाळी परीक्षकांना ती प्रत दाखवली गेली आणि ७ विरुद्ध ४ मतांनी चित्रपट दाखवावा असे ठरले. शेवटच्या दिवशी, २८ला, सेन्सॉर बोर्डाचे पत्र आले. नावाच्या पाटीवर ‘एस’च्या पुढे घातलेल्या खुणांमुळे नावाचा अर्थ बदलतो, त्याची फेरतपासणी होईपर्यंत चित्रपट दाखवू नये, असे त्यात होते. त्याच दिवशी महोत्सव संपला. आक्षेप नावावरून सुरू झाला आणि नावावरच थांबला. मधल्या काळात परीक्षकांनी तो पाहून पसंत केला, न्यायालयात दोनदा बाजू मांडली गेली, पण ‘इफ्फी’च्या प्रेक्षकांपुढे तो आला नाही. मार्च २०१८मध्ये तो केरळात थिएटरला लागला.

छोट्या चित्रपटाचा जीव बंदीने क्वचितच जातो. तो जातो तारीख हुकल्याने, आणि हे कसे होते ते बातमीदारांनी समजून घेतले पाहिजे. थिएटरला आता रिळे जात नाहीत. कूटबद्ध डिजिटल प्रत जाते आणि तिच्याबरोबर प्रत्येक पडद्याच्या सर्व्हरसाठी वेगळी डिजिटल चावी दिली जाते. ही चावी ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंतच चालते. प्रदर्शन आठवडाभर पुढे गेले तर सगळ्या चाव्या नव्याने काढाव्या लागतात. पोस्टरवरची तारीख बदलते, जाहिरातीसाठी आगाऊ भरलेले पैसे बुडतात. पुढच्या शुक्रवारचे पडदे आधीच मोठ्या चित्रपटांनी घेतलेले असतात, त्यामुळे उरतो तो सकाळचा नाहीतर आडवेळेचा खेळ. असे खेळ रिकामे जातात आणि सोमवारपर्यंत तेही काढून घेतले जातात. मोठ्या निर्मात्याला हा फटका सोसतो. ज्याने घर गहाण ठेवून किंवा मित्रांकडून पैसे गोळा करून चित्रपट केला, तो उठू शकत नाही.

कधीकधी एवढेही लागत नाही, थिएटरवाल्याच्या मनात भीती बसली की पुरे होते. अनिक दत्त यांचा ‘भविष्यतेर भूत’ हा बंगाली चित्रपट प्रमाणपत्र घेऊन १५ फेब्रुवारी २०१९ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेक पडद्यांवरून उतरला. बंदीचा जाहीर आदेश कुठेच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी ११ एप्रिलला न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्चापोटी द्यायला सांगितले. न्याय मिळाला, पण पहिला आठवडा तो गेलाच. जमाव चिडेल म्हणून प्रमाणित चित्रपट रोखता येणार नाही, संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे, हे तर याच न्यायालयाने १९८९ सालीच एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट केले होते. २०२१मध्ये चित्रपट अपील न्यायाधिकरण बंद झाले. तेव्हापासून बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. वकिलाची फी आणि तारखांमधली वाट, दोन्ही निर्मात्याच्याच डोक्यावर.

म्हणून विनंती अशी की आपल्या बातमीदारांनी विरोधाची बातमी करताना थोडी चौकशी करावी. आक्षेप घेणाऱ्याने पूर्ण चित्रपट पाहिला आहे का, हा पहिला प्रश्न. पाहिला असेल तर कोणती प्रत? हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण इथेच सर्वात जास्त घोटाळा होतो. महोत्सवात दाखवलेली प्रत सूट घेतलेली, विनाकट असू शकते. थिएटरमधली प्रत वेगळी असते. ज्या संवादावर मोर्चा निघतो तो संवाद प्रमाणित प्रतीत बंद केलेला असू शकतो. हे तपासायला फार काही करावे लागत नाही. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात काय काढले, काय बदलले याची नोंद असते. निर्मात्याकडे त्याची प्रत मागावी. वर्ग कोणता मिळाला तेही बातमीत द्यावे. २०२३च्या दुरुस्तीनंतर ‘यू/ए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, त्यामुळे नुसते ‘यू/ए’ म्हणून वाचकाला पुरते कळत नाही.

ट्रेलरवरून उठलेल्या वादात आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रेलर साधारण दोन-तीन मिनिटांचा असतो आणि तो कापणारा माणूस एका प्रसंगातले वाक्य दुसऱ्याच प्रसंगातल्या चित्रावर बसवतो. ती त्या कामाची रीतच आहे. त्यामुळे ‘अमुक पात्र तमुक देवतेसमोर असे बोलते’ हे ट्रेलर पाहून ठामपणे सांगता येत नाही, आणि बातमीत तसे विधान आले तर ते बहुधा चूक ठरते. काही निर्माते असे वाक्य मुद्दाम पुढे आणतात, वाद व्हावा म्हणून. तेही उघड करावे, त्यात कसूर नको. पण ज्या दिग्दर्शकाने वाद मागितलेला नाही त्याला त्याच तराजूत तोलू नये.

चित्रपट पाहून कोणी रागावला तर त्याचा राग सविस्तर छापा. कोणता प्रसंग, कोणते वाक्य, कशामुळे, हे त्याला विचारा. आमच्या अनुभवात प्रसंग विचारला की निम्मी निवेदने तिथेच अडखळतात आणि उरलेल्या निम्म्यांतून खरी, ऐकण्यासारखी टीका बाहेर येते. आणि ज्या चित्रपटाच्या विरोधाची बातमी पहिल्या पानावर आली, तो लागेल त्या शुक्रवारी त्याचे परीक्षण आपल्या दैनिकात यावे, ते लिहिणारा समीक्षक पहिल्या खेळाला पाठवावा. त्यासोबत त्या गावात तो कोणत्या थिएटरला, किती वाजता लागला आहे, हीसुद्धा माहिती द्यावी, कारण असे चित्रपट आडवेळेला लागतात आणि वाचकाला ते कळेपर्यंत आठवडा संपलेला असतो.

आपले नम्र,
फिल्म सोसायटी चळवळीतील काही कार्यकर्ते, पुणे