शेवटचं वाक्य

वाई, जि. सातारा
रविवार, दुपार

चि. सागर यास अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. ‘आण्णांना पिक्चर आवडला नाही का? माझं काही चुकलं का?’ त्याचं उत्तर मोबाइलवर दोन बोटांनी देता येईना, म्हणून वही घेऊन बसले. आण्णा जेवून आडवे झालेत, तोवर लिहून होईल.

तुझं काही चुकलं नाही. तिकिटं काढलीस ती मायेनंच. पॉपकॉर्नची किंमत ऐकून माझ्या घशाखाली एक दाणा उतरला नाही, ते जाऊ दे. राष्ट्रगीत लागलं तेव्हा आण्णा कसे उभे राहिले ते बघितलंस? घरात भिंतीला धरून उठतात. तिथं सटकन उभे. मुठी बंद, अंगठे पँटच्या शिलाईवर, नजर समोर. पुढचा एक पोरगा पॉपकॉर्नचा डबा ह्या हातातून त्या हातात करत होता. गीत संपलं तरी आण्णा क्षणभर तसेच उभे होते, मग मीच बाही ओढली.

तुला वाटलं, आवाजाचा त्रास झाला. आवाज मोठाच होता, माझी खुर्ची हलत होती. पण लढाई चालू असताना आण्णा पडद्याकडं असे बघत होते, जशी शेजाऱ्याच्या रानातली मळणी बघावी. मधेच माझ्याकडं वाकून म्हणाले, “एवढ्या मोकळ्यावर कोण उभं राहतं गं?” मला हसू आलं. म्हणजे तोवर सगळं ठीक होतं.

मग पडद्यावरच्या त्या शिपाई पोरानं खिशातनं बायकोचा फोटो काढला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “गेला हा आता.” आणि दोघं-तिघं हसले. त्यांची चूक नाही. ज्यानं फोटो काढला तो मरणार, हे सगळ्या थेटराला ठाऊकच असतं. आण्णा हळूच म्हणाले, “फोटो सगळ्यांच्याच खिशात असायचा.” पुढं तो पडला, दोस्तानं मांडीवर घेतलं, आणि तो बोलायला लागला. आईला हे सांग, पोराला ते सांग. बाया नाक ओढायला लागल्या, मीही. आण्णा खाली वाकून चप्पल शोधत होते. एक सापडली, एक नाही. तसेच उठले आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेले.

ते का गेले हे मला त्याच क्षणी कळलं. तुला कधी सांगितलं नाही, कारण ती गोष्ट आपली एकट्यांची नाही.

आधी तुझ्या आजोबांचं सांगते, म्हणजे लक्षात येईल. मामंजी बासष्ट साली लडाखात होते, मशिनगनवर. महार रेजिमेंट तेव्हा मशिनगनचीच रेजिमेंट होती. लढाई हरून परत आले, बोटं थंडीनं गेलेली. गावात कुणी काही विचारीना आणि ते काही सांगीनात. दोनच वर्षांत, ६४ साली, चेतन आनंदचा ‘हकीकत’ आला. जत्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागला तेव्हा सासूबाई त्यांना घेऊन गेल्या. आत्याबाई सांगायच्या, मामंजी जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि अर्ध्यातच पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. लोक वळून बघत होते. पण घरी येताना आख्ख्या वाटेनं बोलत आले. बर्फ कसा असतो, श्वास कसा पुरत नाही, माघारी येताना कुणाला मागं सोडलं. हरलेल्या लढाईचा पिक्चर, पण त्यात ते होते. पुढं त्याची गाणी रेडिओला लागली की आवाज वाढवायला सांगायचे.

आण्णांना असा पिक्चर मिळालाच नाही.

‘बॉर्डर’ तुला आठवत असेल. ९७ चा पावसाळा, तू नऊ वर्षांचा, आण्णा दोन महिन्यांच्या सुट्टीवर. एसटीनं साताऱ्याला गेलो होतो आणि घरी आल्यावर तू महिनाभर मुसळाचा तोफगोळा करून माझं अंगण उकरलं होतंस. त्यातल्या पत्रांच्या गाण्याला सगळं थेटर रडलं. माझ्या पुढं एक म्हातारी होती, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. माझंही तेच. फौजीच्या बायकोची लढाई म्हणजे दुसरं काय, पोस्टमनची वाट बघणं. आणि पत्र आलं तरी ते पंधरा दिवसांपूर्वीचं. लिहिणारा पंधरा दिवसांपूर्वी जिवंत होता, एवढंच त्यातनं कळायचं. पिक्चर काढणाऱ्या जे. पी. दत्तांचा भाऊ हवाई दलात वैमानिक होता, तो मिग विमानाच्या अपघातात गेला. हे मला मागाहून कळलं तेव्हा वाटलं, बरोबर, हे गाणं वाट बघितलेल्या घरातनंच आलेलं.

आण्णा तेव्हाही रडले नाहीत. ज्या लोंगेवालाच्या लढाईवर तो पिक्चर, तिच्यात एवढी माणसं पडली नव्हती, एवढंच म्हणाले. ४ डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री मेजर चांदपुरींच्या कंपनीनं रणगाडे अडवून धरले, सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली, आणि आपले प्रत्यक्षात दोनच जवान गेले अशी नोंद आहे. पडद्यावर मात्र एकेक करून बरेच पडतात. सुनील शेट्टीनं जो भैरोसिंग केला, तो सीमा सुरक्षा दलाचा खरा माणूस, जोधपूरकडचा. पिक्चरमध्ये तो मरतो. खरा भैरोसिंग २०२२ च्या डिसेंबरात, ८१ व्या वर्षी वारला. त्या बातमीचं कात्रण आण्णांनी पेन्शनच्या कागदांच्या फाइलीत जपून ठेवलंय. मला म्हणाले, “पंचवीस वर्षं लोक याच्यासाठी रडले आणि हा तिकडं घरी चहा पीत असेल.” हसत होते, पण ते हसू काही खरं नव्हतं. जगून परत आलेल्या माणसाचं पिक्चरमध्ये काही काम नसतं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आता श्रीलंकेचं. तुला नुसतं ‘आण्णा शांतिसेनेत होते’ एवढंच माहीत आहे. नावातच घोळ. आपल्या आळीतल्या बायका मला म्हणायच्या, “शांतिसेना ना? मग काय काळजी, लढाई थोडीच आहे.” २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला, आपली फौज शांतता राखायला म्हणून गेली, आणि ऑक्टोबरात त्याच फौजेला जाफना घ्यायला लावलं. ऑपरेशन पवन. समोर एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ, त्यांना वर्दी नाही. लुंगीवाला, सायकलवाला, शाळेतलं पोर, कोण कोणाचा कळायचं नाही. त्यांच्याकडं एके-४७ आणि आपल्या पोरांकडं एसएलआर, म्हणजे एकेक गोळी झाडायच्या रायफली. रस्त्याच्या डांबराखाली सुरुंग पेरलेले. मी सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या बातम्यांना कान लावून बसायची, तू पोटात. त्याच नोव्हेंबरच्या २५ तारखेला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जन्म मुंबईचा त्यांचा. त्यांच्यावरचा पिक्चर माझ्या तरी बघण्यात नाही.

तू ८८ च्या फेब्रुवारीत झालास. आण्णांनी आंतरदेशीयावर नाव कळवलं, सागर. लोकांना वाटतं समुद्रावरनं ठेवलं. अरे, सागर म्हणजे मध्य प्रदेशातलं सागर, महार रेजिमेंटचं भरती-ट्रेनिंगचं सेंटर. तुझा चाळीस दिवसांचा फोटो स्टुडिओत काढून मी पाठवला. तोच त्यांच्या खिशात असायचा. घडी पडून तुझ्या कपाळावर आडवी रेघ आली आहे, तो हाच फोटो.

बत्तीस महिने ती फौज तिकडं होती. जवळजवळ बाराशे माणसं गेली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली, तर मद्रासच्या बंदरात तिथले मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. अशा लढाईवर पिक्चर कोण काढणार? २०१३ ला ‘मद्रास कॅफे’ आला, त्यात सगळा भर हेरांवर आणि राजीव गांधींच्या हत्येवर. आपण टीव्हीवर बघितला. आण्णा म्हणाले, “जाफन्यात ताड ह्याच्यापेक्षा जास्त,” आणि गच्चीवर गेले.

त्यांचा एक जोडीदार होता, नांदेडकडचा. नाव इथं लिहीत नाही. दोघं एकाच दिवशी सेंटरला भरती झाले होते, एका ताटात जेवायचे. तो पुढच्या गाडीत होता, आण्णा मागच्या. सुरुंग फुटला. मांडीवर घ्यायला, काही बोलायला, काही ऐकायला वेळच नव्हता. यापुढं आण्णांनी मलाही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा आजच्यासारखा देह गावी आणत नसत. बहुतेकांना तिकडंच अग्नी. घरी तार यायची, मग काही दिवसांनी काळी ट्रंक. देहाच्या पेट्या गावोगाव यायला लागल्या त्या ९९ साली, कारगिलपासून.

८९ ला सुट्टी मिळाली तसे आण्णा म्हणाले, नांदेडला जायचं. तू दीड वर्षाचा, माझ्या मांडीवर. रेल्वेत रात्री त्यांनी मला एवढं सांगितलं, तेही एकदाच. सकाळी त्या घरी पोचलो. सारवलेली ओटी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी त्याचा वर्दीतला फोटो, हार अजून ताजा. कोपऱ्यात ती ट्रंक, वर घडी घातलेलं कांबळं. आख्खा वाडा जमला होता. वहिनी बावीस-तेवीसची असेल. तिनं चहा दिला, खाली बसली आणि विचारलं, “भावजी, शेवटी काही बोलले का?”

कुणीच काही बोलेना. म्हातारे आईबाप, भाऊ, दारातली माणसं, सगळे आण्णांच्या तोंडाकडं बघत होते. पिक्चर सगळ्यांनी बघितलेले, सागर. शिपाई मरताना बोलतो हे सगळ्यांना ठाऊक. आण्णांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, “बोलला. माझ्या मांडीवर डोकं होतं. ‘माझ्या पोराला शिकवा’ म्हणाला. मग जयभीम म्हणाला.”

म्हातारीनं हंबरडा फोडला. वहिनी रडली नाही. तिनं नुसती मान हलवली आणि शेजारी खेळणाऱ्या पोराला उचलून मांडीवर घेतलं. मी आण्णांकडं बघू शकले नाही.

ते वाक्य आज त्या वस्तीच्या तोंडावर दगडात कोरलेलं आहे. पोरगा शिकला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तू त्याला दादा म्हणतोस, दर पुण्यतिथीला त्याच्या फोनवर बोलतोस, तोच. वहिनीला खरं काय ते ठाऊक आहे की नाही, मला सांगता येणार नाही. मला वाटतं असावं. एकदा भाकरी थापताना ती एवढंच म्हणाली होती, “आमच्या ह्यांना चार माणसांत बोलायची सवयच नव्हती.” आणि भाकरी उलटली. मी तवा पुसला.

म्हणून आण्णांना गोळीबाराचं काही वाटत नाही. पण पडद्यावरचा माणूस मरताना नीट वाक्यं बोलायला लागला की ते उठतात. पस्तीस वर्षं मी हे बघतेय. घरी असले तर टीव्हीसमोरनं उठून पाण्याची मोटर बघायला जातात. मोटर बंद असली तरी.

तू त्यांना हे विचारू नकोस. माझी शपथ वगैरे घालत नाही, पण विचारू नकोस. त्यांना स्वतःहून सांगायचं असेल तर सांगतील. त्यांच्या वेळा वेगळ्याच असतात. मागं एकदा लाइट बिलाच्या रांगेत उभं असताना मला जाफन्याच्या किल्ल्याचं सांगायला लागले होते. असं कधी झालं तर मोबाइल खाली ठेव आणि ऐक.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला जायचं ठरतंय. वहिनी आणि मास्तर आदल्या दिवशी नांदेडहून पुण्यात तुझ्याकडं उतरतील. आम्ही इथून एसटीनं येतो, तिथून तुझ्या गाडीनं सगळे. गर्दी फार असते, गाडी लांब लावून चालावं लागतं, आण्णांच्या गुडघ्याचं बघावं लागेल. पण स्तंभासमोर सलाम केल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. पूर्वी त्यांच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. वहिनीला दगदग झालेली चालत नाही, बीपीच्या गोळ्या आहेत, रात्री तिला खाली झोपवू नकोस. सूनबाईला सांग, तिखट बेतानं.

थेटरात एक चप्पल राहिली ती राहिलीच. तू येताना नवी घेऊन दिलीस, ती त्यांच्या अंगठ्याला चावते. तुला सांगू नको म्हणालेत. जुन्याच मापाची, रुंद पट्ट्याची बघून ठेव.

तुझी,
आई